पुस्तकाला कान नसतात

रविवार, रात्रीचे साडेदहा. म्हणजे उद्या सकाळी सातला शिरोली एमआयडीसीची कंपनी बस, आठला पंचिंग आणि नऊला रिजेक्शनची मीटिंग. अशा वेळी शहाण्या माणसानं झोपावं. मी मात्र डोक्याला हेडफोन, मांडीवर उशीएवढं जाड पुस्तक आणि समोर सेकंडहँड मॅक मिनी अशा अवतारात बसलो होतो. आण्णा पाणी प्यायला उठले आणि दारातच थबकले.

'काय करायलायस?'

'गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर शिकायलोय.'

'शिकवतंय कोण?'

मी पुस्तक वर करून दाखवलं. आण्णांनी ते हातात घेतलं, बाजारात कोबीचा गड्डा घ्यावा तसं वजन बघितलं आणि परत माझ्या मांडीवर ठेवलं.

'पंचगंगेत पोहायला पण असंच शिकला असतास काय? पुस्तक वाचून?'

आणि गेले झोपायला. माझा पार पोपट!

आण्णांची ओळख करून द्यायला हवी. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी चाळीस वर्षं लेथ चालवला. आणि तितकीच वर्षं आमच्या पेठेतल्या भजनी मंडळात पेटी वाजवली. लेथवर त्यांना थाऊचा फरक नजरेनं कळायचा आणि पेटीवर सुराचा फरक कानानं. त्यामुळे ज्या गोष्टीला हात लावता येत नाही, ती शिकता येते यावर त्यांचा विश्वासच नाही. मी क्वालिटीवाला. माझा विश्वास मॅन्युअलवर. घरात रोज एकदा तरी या विषयावर मॅच रंगतेच.

आता तुम्ही म्हणाल, फाउंड्रीत क्रॅक आणि ब्लोहोल शोधणाऱ्या माणसाला हे नसतं झेंगट कशाला? तर त्याला एक कारण घडलं.

आवाज कुठनं आणायचा?

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कुठलाही कोल्हापूरकर विसरणार नाही. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ चं 'पॅलेस थिएटर'. दुसऱ्या दिवशी खुद्द केशवरावांची जयंती होती. बातमी कळली तसे आण्णा चप्पल सरकवून बाहेर पडले, मी मागोमाग. खासबागच्या अलीकडेच गर्दीत थांबावं लागलं. लोक फोनवर शूटिंग करत होते. काही जण नुसतेच उभे होते. आण्णांनी तरुणपणी तिथल्या मागच्या रांगांत बसून किती नाटकं बघितली, याचा हिशेब त्यांनाही लागत नाही.

परतताना बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, 'भिंती बांधतील रं परत. आवाज कुठनं आणायचा?'

त्या वाक्यानं माझी झोप उडवली. कारण मला एकदम आमचं भजनी मंडळ दिसलं. पाच जण. त्यातला 'तरुण' अठ्ठावन्न वर्षांचा. मुख्य गाणारे तात्या एकाहत्तर. त्यांच्या तोंडच्या चाली त्यांना आधीच्या बुवांकडून मिळाल्या, त्या बुवांना त्यांच्या आधीच्यांकडून. अभंग पुस्तकात सापडतात, पण या चाली कुठेही लिहिलेल्या नाहीत. आणि गेल्या वर्षभरात तात्यांचा आवाज तिसऱ्या-चौथ्या अभंगानंतर चिरकायला लागला होता. डॉक्टरांनी घशाला जपा म्हणून सांगितलं होतं. ते आमच्याशी बोलताना जपायचे, देवासमोर नाही.

पुढच्याच एकादशीला मी फोन लावून रेकॉर्डिंग केलं. घरी येऊन ऐकलं, तर टाळ म्हणजे पत्र्यावर पडणारा पाऊस, पखवाज म्हणजे शेजारी कुणीतरी फर्निचर हलवतंय, आणि तात्या? तात्या गायबच! चाळीस वर्षं ज्या आवाजामागं सगळे चाललेत, तोच नेमका ऐकू येत नव्हता.

ठरवलं, हे नीट करायचं. आणि स्वतः करायचं. स्टुडिओत नेलं तर ही मंडळी कडक इस्त्रीचे कपडे घालून अवघडून बसतील आणि भजन होणारच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुस्तक वाट बघतं

सुरुवात अर्थातच यूट्यूबवर. आठ दिवसांत मी कॉम्प्रेसरवर चार व्हिडिओ बघितले, 'नवशिके हमखास करतात त्या दहा चुका' असे सहा बघितले आणि मला साधा ट्रॅक उघडता येत नव्हता. प्रत्येक जण अधूनमधून सांगत होता. मला पहिल्यापासून सांगणारं कुणीतरी हवं होतं.

पुण्याच्या एका मित्राकडून मॅक मिनी घेतला, तेव्हा त्यानं सोबत एक पुस्तक फुकट टाकलं. डेव्हिड नहमानी यांचं 'लॉजिक प्रो एक्स', ॲपलच्या प्रो ट्रेनिंग मालिकेतलं. लॉजिक हे सॉफ्टवेअर मूळचं जर्मनीतल्या इमॅजिक या कंपनीचं. २००२ मध्ये ॲपलनं ती कंपनीच विकत घेतली. एक्स हे बिरुद २०२० मध्ये गळालं, आता नुसतं लॉजिक प्रो. ट्रायल नव्वद दिवसांची मिळत होती. म्हटलं, नव्वद दिवसांत जमलं तर पैसे भरू, नाहीतर मॅकवर एक्सेल चालतंच!

या पुस्तकाचा फंडा एकदम सोपा. धड्यासोबत तयार फायली मिळतात. पुस्तक म्हणतं, हे बटण दाबा, मग ते दाबा, आता ऐका. पहिल्याच धड्यात तयार तुकडे एकमेकांना जोडून तुमच्याकडून एक छोटं गाणं करवून घेतं. तास-दीड तासात माझ्या हेडफोनमध्ये ड्रम, बेस, गिटार असं सगळं वाजत होतं. रहमान सर, सांभाळा! वगैरे.

पण मजा वेगळीच होती. ऑफिसातून आल्यावर डोकं भुईसपाट झालेलं असतं. अशा वेळी समोर पान १४३ आहे, त्यावर सहा पायऱ्या आहेत आणि त्या क्रमानं केल्या की सातवी आपोआप समोर येते, याचा काय दिलासा असतो म्हणून सांगू! पुस्तक चिडत नाही. मध्येच जाहिरात दाखवत नाही. चार दिवस नाही उघडलं तर खूण घातलेल्या पानावर मुकाट वाट बघतं. माझी प्रत जुनी असल्यामुळे काही बटणं पुस्तकात एकीकडे आणि माझ्या स्क्रीनवर दुसरीकडे असायची. ते शोधण्यात एखादी संध्याकाळ जायची. पण शोधून सापडलेलं बटण जन्मात विसरत नाही, हेही खरं.

बफर म्हणजे वडाप

एक उदाहरण देतो, म्हणजे तुम्हाला कळेल मी रात्र-रात्र काय करत होतो. हेडफोन लावून माइकमध्ये बोललं की माझा आवाज मलाच जरा उशिरा ऐकू यायचा. जुन्या ट्रंक कॉलसारखा. त्यावर गाणं अशक्य. पुस्तकानं सांगितलं, बफर साइज कमी करा. केली. प्रॉब्लेम गेला. पण का गेला?

विचार करताना बिंदू चौकातून जाताजाता ट्यूब पेटली. बफर म्हणजे वडाप! वडाप भरल्याशिवाय सुटतं का? नाही. कॉम्प्युटर एका सेकंदात आवाजाचे ४४,१०० नमुने घेतो. हे झाले पॅसेंजर. वडाप १२८ सीटचं असेल तर ते तीन मिलिसेकंदांत भरतं आणि सुटतं. कानाला कळतसुद्धा नाही. तेच १०२४ सीटचं असेल तर भरायला तेवीस मिलिसेकंद लागतात, आणि आवाजाला आत जाऊन बाहेर यायचं असल्यामुळे फेऱ्या दोन. म्हणून उशीर. मग लहानच वडाप कायम का ठेवू नये? कारण सारखी गाडी सोडून ड्रायव्हर दमतो. इथं ड्रायव्हर म्हणजे प्रोसेसर. त्यामुळे रेकॉर्डिंग करताना लहान वडाप, नंतर मिक्सिंग करताना मोठं. बस्स, इतकंच!

हे मी आण्णांना सांगितलं, तर त्यांना पटलं. पहिल्यांदाच माझ्या 'त्या खोक्यातलं' काहीतरी त्यांना पटलं होतं.

आणि एक धडा असा होता की वाचता वाचता मी पुस्तक मिटून ठेवलं. लॉजिकमध्ये स्पेस डिझायनर नावाची चीज आहे. एखाद्या खऱ्या सभागृहात फुगा फोडायचा किंवा ठरावीक आवाज सोडायचा, तिथं तो कसा घुमतो आणि कसा विरतो ते रेकॉर्ड करायचं. मग तुमच्या घरातल्या गाण्याला त्या सभागृहाची गूंज देता येते. म्हणजे आण्णांच्या प्रश्नाला उत्तर होतं तर! फक्त ते आधी माहीत असायला हवं होतं. मी त्या नाट्यगृहात किती वेळा बसलो असेन, दर वेळी खिशात फोन होता. रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी वाजवून ठेवायला काय लागत होतं?

त्या रात्री पुढचं पान उलटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून स्पीड वाढवला.

कुरुंदवाडचा मुलगा

'गाणं पुस्तकातनं येत नसतंय,' हे आण्णांचं पालुपद चालूच होतं. एका रविवारी तांबडा-पांढरा हाणून झाल्यावर मी वादाला नीट तयारी करून बसलो.

'आण्णा, विष्णु दिगंबर पलुस्कर कुठले?'

'कुरुंदवाडचे. हे काय विचारणं झालं?'

'१८७२ चा जन्म. आपल्याच जिल्ह्यातले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. आणि पुढं त्यांनीच १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाण्याला लिपी केली, पुस्तकं छापली. तिकडं भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांचे भागच्या भाग काढले. आधी घराण्याच्या दारात वर्षानुवर्षं उभं राहावं लागायचं. पुस्तक आल्यावर कुणाचीही पोरं गाणं शिकायला लागली. मग पुस्तकातनं गाणं येत नाही म्हणजे काय?'

मला वाटलं, जिंकलो.

आण्णा बडीशेप चघळत म्हणाले, 'पलुस्कर स्वतः कशातनं शिकले?'

'...बुवांकडे.'

'आणि गोविंदराव टेंबे?'

झालं! टेंबे म्हणजे आण्णांचं दैवत. कोल्हापूरचे. पेटी बहुतेक स्वतःच्या बळावर शिकले. देवल क्लबात येणारी-जाणारी गाणी ऐकून त्यांचा कान तयार झाला. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यांच्या गायकीचा टेंब्यांनी ध्यास घेतला. १९३२ मध्ये प्रभातनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला, त्याचं संगीत टेंब्यांचं आणि पडद्यावरचा हरिश्चंद्रही टेंबेच.

'टेंब्यांना पेटी कुणी हातात हात धरून शिकवली नाही, बरोबर. पण ते ऐकून शिकले. तुझ्या त्या पुस्तकाला ऐकू येतंय काय? तू चुकलास तर ते चुकलं म्हणतंय काय?'

मी म्हटलं, 'पुढच्या गुरुवारी ऐकाच तुम्ही.'

हा टकटक्या कोण?

गुरुवार उजाडला. विठ्ठल मंदिर, सतरंजी, दोन माइक, एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि पुस्तकातल्या पायऱ्या लिहिलेला कागद माझ्या खिशात. पुस्तकाप्रमाणे आधी टेम्पो ठरवायचा, मग मेट्रोनोमचा क्लिक कानात द्यायचा, म्हणजे सगळं कसं खानेसुमारीसारखं चौकटीत बसतं. मी क्लिक ऐंशीला लावला आणि तात्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला. फेट्यावर हेडफोन, फोटो काढण्यासारखं दृश्य!

तात्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि थांबले. हेडफोन काढून त्याच्याकडे बघितलं.

'ह्यो आत टकटक्या कोण बसलाय?'

'तात्या, तो ताल देतोय.'

'मग हा पखवाजवाला काय आरती घ्यायला आलाय?'

मंदिरभर हशा. टकटक्या बंद. 'तुम्ही म्हणा, मी नुसतं घेतो' म्हणून मी शरणागती पत्करली. पहिलं टेक टाळांनी खाल्लं. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छत, त्याला डोकं आपटलं की आवाज फाटतो आणि फाटलेला परत शिवता येत नाही. टाळवाल्यांना दहा फूट मागं बसवलं, लेव्हल खाली आणली, पंखा बंद केला. दुसरं टेक सुरू झालं आणि तात्या त्या दिवशी असे काही गायले की मी पायऱ्यांचा कागद खिशात आहे हेच विसरलो. चार अभंग. चौथ्यात आवाज दोनदा चिरला. थांबले नाहीत.

हा कोण म्हणतोय?

पुढचे दहा दिवस मी राजा होतो. पुस्तकातलं सगळं वापरलं. लय कमी-जास्त होत होती, ती सरळ केली. प्रत्येक ठोका उचलून चौकटीच्या रेघेवर नेऊन ठेवला. मग तात्यांचा आवाज. फ्लेक्स पिचमध्ये प्रत्येक सूर एका डबीसारखा दिसतो. जी डबी रेघेच्या खाली-वर होती, ती रेघेवर बसवली. जिथं आवाज चिरला होता, तिथं आधीच्या कडव्यातला तुकडा चिकटवला. त्यांच्या माइकमध्ये थोडा टाळही घुसला होता, त्यामुळे एक-दोन जागी आवाज जरा रोबोटसारखा झाला, पण म्हटलं, चालतंय! क्वालिटीवाला माणूस मी. स्क्रीनवर सगळं कसं टॉलरन्समध्ये. झिरो रिजेक्शन!

शनिवारी रात्री आण्णांना खुर्चीत बसवलं, हेडफोन दिला, प्ले दाबलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

मिनिटभर काही नाही. मग त्यांनी भुवया जवळ आणल्या.

'हा कोण म्हणतोय?'

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही. ते खरंच विचारत होते. ज्या माणसाशेजारी बसून चाळीस वर्षं पेटी वाजवली, त्याचा आवाज त्यांना ओळखता आला नव्हता.

'तात्याच आहेत, आण्णा.'

त्यांनी हेडफोन काढून अलगद टेबलावर ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. 'चाल तीच आहे,' एवढंच म्हणाले. 'माणूस नाही.'

मी ज्या कामासाठी एवढं सगळं मांडलं होतं, तेच काम मी स्वतःच्या हातानं उलटं केलं होतं. आवाज वाचवायला निघालो आणि आवाजच पुसून बसलो.

न दाबलेली पट्टी

रविवारी सकाळी आण्णांनी स्वतःहून पेटी काढली. 'ये इकडं. तुझं ते यंत्र बंद ठेव जरा.'

त्यांनी सा धरला, मग गंधार दाबला. 'हा पेटीचा ग. आता मी गातो तो ऐक.' त्यांनी गायलेला गंधार पेटीपेक्षा किंचित खाली होता. किंचित म्हणजे केसभर. पण एकदा कळल्यावर पेटीचा ग टोचायलाच लागला.

याचं गणित मला नंतर कळलं. पेटीवर, पियानोवर आणि लॉजिकच्या रेघांवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. एकेक भाग शंभर सेंटचा. त्यामुळे गंधार चारशेवर येतो. पण मिरजेच्या चांगल्या तंबोऱ्याचा खर्ज छेडला की त्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो तीनशे शहाऐंशीच्या आसपास असतो. फरक चौदा सेंटचा. पेटी परदेशी आणि तिला मींड येत नाही असे आक्षेप घेऊन ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये तिला चक्क दारातून बाहेर काढलं होतं. १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. आणि मी काय केलं होतं? तात्यांचे सगळे गंधार मोठ्या मेहनतीनं उचलून चारशेवर नेऊन बसवले होते.

'पण आण्णा, तुमची पेटी तर तशीच आहे. मग चाळीस वर्षं तुमचं आणि तात्यांचं जमलं कसं?'

आण्णा हसले. 'तो जिथं गंधारावर थांबतो, तिथं मी पट्टी दाबतच नाही. सा धरून ठेवतो आणि त्याला सोडून देतो. तो खाली आला की परत धरतो.'

मी घाईनं मूळ रेकॉर्डिंग लावलं. लहानपणापासून हजारदा ऐकलेली ती साथ त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. खरंच की! तात्या गंधारावर ठेपले की पेटीतून तो सूर नाहीसा व्हायचा. कुठली पट्टी कधी दाबायची नाही, हे आण्णांना माहीत होतं. माझ्या पुस्तकात दाबायची बटणं शेकड्यानं होती. आणि का असू नयेत? बटण कसं दाबायचं हेच सांगायला ते लिहिलंय. कधी दाबू नये, हे त्या गाण्याजवळ बसलेलाच सांगू शकतो.

एक बरं असतं, सॉफ्टवेअरमध्ये मूळ रेकॉर्डिंग शाबूत राहतं. वरून कितीही रंग लावा, खरवडून काढता येतो. मी सगळं खरवडलं. लयीच्या चौकटीचंही तेच. मोजून बघितलं तर पहिला अभंग ७६ ला सुरू होऊन १३२ ला संपत होता. मी ज्याला चूक समजून सरळ केलं होतं, तो चढ होता. त्यासाठीच तर लोक भजनाला बसतात! आणि गंमत बघा, लॉजिकमध्येच २०१८ पासून स्मार्ट टेम्पो आहे. गाण्याला चौकटीत कोंबण्याऐवजी चौकटच गाण्यामागं वाकवता येते. माझ्या जुन्या प्रतीत ते नव्हतं आणि शोधावं असं मला सुचलं नव्हतं, कारण प्रॉब्लेम काय आहे हेच कळलं नव्हतं.

मग महिनाभर रोज रात्री आमची जोडी बसायची. मी माउसवर, आण्णा खुर्चीत डोळे मिटून. 'पखवाज जरा मागं घे. आता तात्याला पुढं आण. एवढा नको, तो काय भाषण करत नाही.' फक्त टाळ त्यांना कमी वाटायचे, सारखे वाढवायला सांगायचे. चाळीस वर्षांच्या लेथनं वरचे आवाज त्यांच्या कानातून काढून घेतले आहेत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिथं मी स्क्रीनवरचा आलेख बघून थांबायचो आणि 'वाढवले' म्हणून खोटं सांगायचो. सुरात ते माझे कान, टाळांत मी त्यांचे डोळे. आवाज चिरलेल्या दोन्ही जागा तशाच ठेवल्या. ऐकताना तिथं आण्णा दर वेळी मान हलवतात.

आता तुमच्यापैकी कुणाला असं काही करायचं असेल तर, बॉस, बिनधास्त पुस्तक घ्या. कुठलंही सॉफ्टवेअर असो, एकच पुस्तक घ्या आणि पहिल्या पानापासून सुरू करा. धड्यातल्या तयार फायली झाल्या की लगेच घरातला एखादा खरा आवाज घ्या. मूळ फाइलची कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणि शेजारी अशा एका माणसाला बसवा, ज्याला सॉफ्टवेअर कळत नाही पण गाणं कळतं. तो तुमचा पोपट करील. करू द्या.

आता माझंच पुस्तक झालं

२०२५ च्या आषाढीला तात्या गायले नाहीत. डॉक्टरांनी या वेळी ठणकावून सांगितलं होतं. ते टाळ घेऊन बसले. गायला होता गल्लीतला एकोणीस वर्षांचा पोरगा, पॉलिटेक्निकचा. त्यानं चारही चाली माझ्या रेकॉर्डिंगवरून बसवल्या होत्या. महिनाभर हेडफोन लावून फिरत होता. एकेक हरकत पाठ. इतकी पाठ की जिथं तात्यांचा आवाज चिरला होता, तिथं यानंही मुद्दाम चिरवला!

तात्यांनी टाळ थांबवला. घोगऱ्या आवाजात म्हणाले, 'चुकलं.'

पोरगा गोंधळला. 'तात्या, रेकॉर्डिंगमध्ये असंच आहे.'

'तिथं माझा घसा बसला होता. तुझा कुठं बसलाय?'

मंडळ हसलं, पोरगाही हसला, आणि आण्णांनी पेटीवरून माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं. माझं रेकॉर्डिंग म्हणजे आता त्या पोराचं पुस्तक झालं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं सांगणारं, न थकणारं, न चिडणारं. आणि त्याला कान नव्हते.

'परत म्हण,' तात्या म्हणाले.

पोरानं सूर लावला. वर चढला, गंधारावर येऊन थांबला. आण्णांचं बोट पट्टीवरून अलगद उचललं गेलं.

मी मागच्या खांबाला टेकून उभा होतो. मग आठवलं, खिशात फोन आहे. अभंग संपला, घोष झाला, मंडळी पांगली. मंदिर रिकामं झाल्यावर मी फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं, गाभाऱ्यासमोर उभा राहिलो आणि एक टाळी वाजवली. विरून जाईपर्यंत थांबलो.